बांधाबांध

"मीठ हुडकायला आता फौज बोलवायची का?"

अंबूबाई हे कुणालाच म्हणाल्या नव्हत्या. फडताळात डोकं घालून त्या डब्यांनाच विचारत होत्या. पण स्वयंपाकघर एवढंसं, की पलीकडं भाकरी थापणाऱ्या सुनेच्या खांद्याला त्यांचा पदर लागत होता.

"उंचीपरमानं लावल्यात. डबं काय भरतीला उभं ऱ्हायल्यात व्हय? च्या-साखर गेली त्या टोकाला, आन् मीठ... अगं बया, मीठ फिनेलशेजारी!"

"थांबा आत्या, मी देते," प्रियदर्शनी म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

"तू नगं देऊस. माझ्याच घरात मला मीठ घावंना, आन् तू काय देतीस?"

तक्रार अजून बरीच शिल्लक होती. पण दारात सावली पडली आणि अंबूबाईंचा चेहरा एका क्षणात पालटला. "लय झ्याक लावलंयस रं वीरू फडताळ. कसं चकचकीत दिसतंय!"

दारातला वीरधवल नुसता हसला.

दिवाळीला तो फौजेतून कायमचा घरी आला होता. हवालदार म्हणून निवृत्त झाला. लोणंदपासून गावापर्यंत उघड्या जीपमधून आणला, हलगी वाजली, पेढे वाटले. आता शिमगा जवळ आला तरी गावात भेटेल तो विचारायचा, "कवा आलास? सुट्टी किती?" वीरधवल सांगायचा, "आता सुट्टीच सुट्टी." विचारणारा हसायचा, आणि पुढच्या आठवड्यात तोच परत विचारायचा, "अजून हाईस व्हय?"

घरच्यांना असं विचारता येत नव्हतं. सुट्टीवर आलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं. आल्या दिवशी ओवाळायचं, दुसऱ्या दिवशी कोंबडं कापायचं. त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, दुखलंखुपलं सांगायचं नाही, पोरीचे कमी पडलेले मार्क दाखवायचे नाहीत. माणूस महिन्या-दीड महिन्यासाठी आलाय, त्याला घर गोड वाटलं पाहिजे. तेवढे दिवस ते जमूनही जायचं. आता दिवाळीपासून ते चालूच होतं आणि सगळं घर गोड बोलून बोलून दमलं होतं. सासू-सुनेचं एक जुनं, रोजचं, दोघींच्याही अंगवळणी पडलेलं भांडण होतं. तेही दिवाळीपासून बंद होतं. त्यावाचून दोघींनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

आणि त्याला काम कुणी सांगायचं नाही. तो खोरं उचलायचा, तर आप्पासो, त्याचे वडील, म्हणायचे, "तू बस." दुधाची किटली घेऊन डेअरीकडं निघायचा, तर अंबूबाई ती हातातून काढून घ्यायच्या. "तू बस की रं." बसून बसून त्यानं अंगणाच्या कडेला दगड मांडले आणि त्यांना चुना दिला. मग सायकलींची जागा ठरवली. आणि काल सगळी शेतात गेली असताना फडताळ लावलं.

"आई, जरा भाईर ये," तो म्हणाला. "आप्पांनाबी बोलीवलंय. सांगायचं हाय."

प्रियदर्शनी पिठाच्या हातांनीच सोप्यात आली. आप्पासो कॉटवर बसले होते. कॉलेजला निघालेली पोरगी, प्रणोती, एका पायात चप्पल घालून थांबली.

"सांगलीच्या सुभेदारसायबांचा फोन आला हुता," वीरधवल म्हणाला. "त्यांची एजन्सी हाय. रिटायर झालेली पोरं भाईरदेशी पाठवत्यात. इराकला तेलकंपनीची छावणी हाय, तितल्या पहाऱ्यावर सुपरवायझर पायजे. दोन वरसं. हो का न्हाई, ते शुक्रवारी सांगलीला येऊन सांगा म्हनलेत."

इराक हा शब्द त्या सोप्यात याआधी फक्त टीव्हीवरून आला होता, आणि तोही धुरासकट.

मग आप्पासोंनी घसा खाकरला. "कवा निघायचं?"

'जाणार का' असं नाही. 'कशाला' असंही नाही. घराला पैशाची नड नव्हती. पेन्शन होती, ऊस होता, पोरगी एकच. तरीही कशाला, हे कुणी विचारलं नाही. "थंडी असती का रं तितं?" एवढंच अंबूबाईंनी विचारलं. प्रणोतीनं दुसरी चप्पल घातली.

आणि प्रियदर्शनीच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. काळजीचा असेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं. पण काळजीचा श्वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तो आत अडकून बसतो. हा मोकळा होऊन गेला होता. बाजारातून जड पिशवी आणून उंबऱ्यात टेकवावी, तसा.

ती तिथंच गार पडली. पिठाचे हात पदराला पुसले गेले, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

लग्न होऊन ती तासगावकडून या गावात आली, तेव्हा तिला इथली रीत माहीत नव्हती. पहिली सुट्टी संपवून वीरधवल निघाला, तेव्हा ती दारात रडली होती, "अजून दोन दिवस ऱ्हावा" म्हणाली होती. अंबूबाईंनी दंडाला धरून तिला आत नेलं. "जाणाऱ्याला आडवू नगं. त्याचा जीव हितं ऱ्हायला, तर तितं बंदुकीवर ध्यान कसं ऱ्हाईल?" रागावून नव्हे, शिकवावं तसं सांगितलं. त्यानंतर ती कधी रडली नाही. सुट्टी संपत आली की घरातले हात आपोआप चालायला लागायचे. दाणे भाजायचे, लाडू वळायचे, कपड्यांना इस्त्री करायची, आणि तोंडानं 'येतो' 'या' एवढंच. निम्म्या घरांतून कुणी ना कुणी फौजेत होतं आणि निम्म्या गावाची हीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या पाण्याची पाळी होती. ऊस भिजवायला ती गेली, आणि मागोमाग तोही आला, खोरं घेऊन. वाफ्यावरचा गडी त्याला ओलांडून तिला विचारत होता, "वैनी, पानी फिरवू का? वैनी, ही सरी आदी घिऊ का?" वीरधवल बांधावर उभा होता. त्याच्या बुटाला चिखलाचा ठिपकासुद्धा लागला नव्हता.

पाणी मार्गी लागल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"इराकचं."

ती उसाकडं बघत राहिली. उत्तर तयारच होतं. "तुमाला बरं वाटंल तसं करा."

"बरं," तो म्हणाला. साहेबाच्या हुकमाला म्हणावं तसं. खोरं त्यानं बांधावर आडवं ठेवलं आणि तो घराकडं चालायला लागला. त्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढ्या वर्षांत त्यानं हे कधीच विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं नव्हतंच. फौज काही घरच्यांना विचारून पाठवत नव्हती. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि तिनं जुनंच उत्तर दिलं होतं.

"वैनी, पानी फुटलं!" गडी ओरडला. पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरत होतं. अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

संध्याकाळी ती जरिनाकडं गेली. जरिनाचं घर भिंतीला भिंत लावून. निम्म्या गावाचे ब्लाऊज ती शिवायची. तिचा नवरा मोहिद्दीन मस्कतला ड्रायव्हर होता.

"कुटं म्हनलीस? इराक?" जरिनानं मशिनीवरचा पाय थांबवला. "या अल्ला! तितं बाम फुटत्यात की गं."

"मग काश्मिरात काय फुलं फुटत हुती?"

"ते बी हायच म्हना." जरिनानं दोरा दातानं तोडला. "नगं म्हन की मग."

"आमच्यात तसं म्हनत न्हाईत."

"आमच्यात म्हनत्यात, तर काय हुतंय? आमचं हे पयल्यांदा निघालं, तवा मी रडून सगळी आळी गोळा केली. गेलंच की. आता फोनवर लय ग्वाड बोलत्यात. जेवलीस का, झोपलीस का, सपनात आलीस. मागं रजेला आलं, तर माझ्या ब्लाऊजच्या कात्रीनं कोंबडी साफ केली! मी म्हनलं, या अल्ला, ह्यास्नी फोनातच ठेव."

दोघी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोघींचं हसू एकाच वेळी थांबलं आणि दोघींनाही एकमेकींकडं बघता येईना.

"प्रिया," जरिना हळूच म्हणाली, "एक इचारू?"

"काय?"

जरिनानं सुईत दोरा ओवला. एकदा, दोनदा. "न्हाई. ऱ्हाऊ दे. बाही केवढी ठिवू?"

"कोपरापतोर."

घरी परतली, तर अंगणापर्यंत भाजलेल्या दाण्यांचा वास आला होता. अंबूबाई उखळात चटणी कुटत होत्या. आप्पासो सोप्यात मोठ्या बॅगेच्या चेनवर मेणबत्ती घासत होते, चेन अडकू नये म्हणून. ते स्वतः फौजेतले, चेन अडकली की काय होतं ते त्यांना ठाऊक. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर प्रणोतीची उशी होती. बाप घरी आल्यापासून पोरगी आजीजवळ झोपायची. आता तिनं उशी आणि पांघरूण परत आईच्या खोलीत आणून ठेवलं होतं. व्यवस्थित, घडी घालून.

प्रियदर्शनीनं त्या उशीकडं बघितलं. पोरीला हाक मारून विचारावं, असं तिला वाटलं. विचारलं नाही. उशी उचलून ठेवलीही नाही. कपाटातून त्याचे शर्ट काढले आणि इस्त्री तापत ठेवली.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर ती अंबूबाईंच्या समोर लाडू वळायला बसली. वीरधवल देवळाकडं गेला होता.

"आत्या, आप्पासो रिटायर होऊन आल्यावर किती दिस हुतं घरात?"

"ते? दोन-तीन म्हयनं. मग गेलं की पुन्याला, कारखान्याच्या गेटावर वॉचमन. पार म्हातारं होऊन आलं."

"कशापायी गेलं?"

अंबूबाई बेसन चाचपत राहिल्या. "कशापायी म्हंजी? सांगून आली नोकरी. ह्यांनी सोप्यात उभं ऱ्हाऊन सांगितलं, आसंच."

"मग तुमी काय म्हनलासा?"

"काय म्हननार? लाडू केलं."

सोप्यात आप्पासो मेणबत्ती घासत होते. त्यांनी हे ऐकलं असेल का, हे प्रियदर्शनीला कळलं नाही. घासण्याचा आवाज मधेच थांबला होता, एवढं खरं.

शुक्रवारी वीरधवल अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पातळ प्लास्टिकची फाईल काखेत मारून सोप्यात आला, आणि उंबऱ्यातच थांबला.

कॉटवर बॅग होती. फुगलेली, चेन लावलेली. तिच्याशेजारी गुंडाळी केलेलं अंथरूण, दोरीनं बांधलेलं. फडक्यात गाठ मारलेले दोन डबे, पाण्याची बाटली, वर खंडोबाचा छोटा फोटो. अंबूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, वाटीत दही. आप्पासोंनी पटका बांधला होता. प्रणोती कॉलेजला गेली नव्हती. अंगणाच्या भिंतीपलीकडून जरिनाचं डोकं दिसत होतं. सगळी आपापल्या ठरलेल्या जागी होती, दर वेळी असायची तशी. प्रियदर्शनी दाराच्या आतल्या बाजूला होती. तिची जागा तीच.

"हे काय?" वीरधवलनं विचारलं.

"तुजं सामान," आप्पासो म्हणाले. "चल, लोणंदची गाडी घावाय पायजे."

"आप्पा, मी सांगलीला चाललोय."

"व्हय की."

"सांगलीला. हो का न्हाई, येवडं सांगायला. सांच्याला माघारी येणार हाय मी."

अंबूबाईंच्या ताटातलं निरांजन फडफडलं. आप्पासोंनी बॅगेकडं बघितलं. शेजाऱ्यांनी न विचारता आणून टाकावी, तशा नजरेनं. प्रणोतीनं मान खाली घातली. जरिनाचं डोकं भिंतीमागं गेलं. धड जाणती माणसं, दोन दिवस राबून, एका दिवसाच्या फेरीसाठी दोन वर्षांची बांधाबांध करून बसली होती, आणि एकालाही ते उमगलं नव्हतं. प्रियदर्शनीला हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही.

वीरधवल कॉटवर टेकला. बॅगेनं सोडलेल्या वीतभर जागेत. त्यानं एका डब्याची गाठ सोडली, वास घेतला, परत बांधली.

"लय घाई झाली तुमाला," तो म्हणाला. चेष्टेत म्हणायचं होतं त्याला. ते चेष्टेसारखं वाजलं नाही.

"पुडं-मागं लागनारच की," आप्पासो पुटपुटले.

"मी हो म्हनलं हुतं का, आप्पा?"

आप्पासोंनी पटक्याचा शेमला उगाच सारखा केला. अंबूबाईंना काही सुचेना, तेव्हा त्यांनी सुचणारं केलं. दही त्याच्या तळहातावर घातलं. "घे रं."

त्यानं ते चाटलं. लहान पोरासारखं. मग उठला, फाईल काखेत मारली. पायरीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. वहाणा घालायला एवढा वेळ लागत नाही. एक घातली. दुसरी घालताना त्यानं मागं बघितलं नाही. पण त्याची पाठ ऐकत होती, हे प्रियदर्शनीला इथून दिसत होतं. हा माणूस चार दिवस ऐकतच फिरत होता. सोप्यात, बांधावर, जेवताना. ज्याला त्याला विचारत होता आणि ज्यानं त्यानं त्याला इस्त्रीचा शर्ट दिला होता.

"येतो," तो म्हणाला.

"या" म्हणायची तिची पाळी होती.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण त्या सोप्यात, त्या जागेवरून, हा शब्द इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. अंबूबाई दचकल्या. ताटातली वाटी घसरून ताटाच्या काठावर आपटली.

"अगं, जाणाऱ्याला—"

"आत्या, बोलू द्या मला. न्हाईतर मी पुना लाडू वळत बसंन."

ती दाराबाहेर आली. पायरीजवळ. तो वळला होता, एक पाय वहाणेत, एक मोकळा. तिला त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून ती त्याच्या काखेतल्या फाईलकडं बघून बोलली.

"तुमी इराकचं सांगितलंसा, तवा मला बरं वाटलं."

आप्पासो कॉटवर बसले. बॅगेवरच बसले, ते त्यांना कळलं नाही.

"मला सोताची लाज वाटली. पर बरं वाटलं. आन् मला एकटीलाच न्हाई. आत्यास्नी इचारा, पोरीला इचारा. पोरीनं उशी आणली माझ्या खोलीत. तुमी बगितलीसा ती, मला ठावं हाय. बगून भाईर गेलासा."

वीरधवलनं मान हलवली. व्हय, एवढीच.

"आमाला तुमच्यासंगं ऱ्हायला येत न्हाई," ती म्हणाली. "सुट्टीपुरतं येतं. त्येच्या म्होरलं आमाला कुनी शिकीवलंच न्हाई. आन् तुमालाबी येत न्हाई. तुमी गेलासा की आमी सुटतो. आन् तुमीबी सुटता."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"म्हनूनच म्हनते. जाऊ नका."